दरवाजा तोडण्याआधी: ‘अर्धसत्य’पासून ‘सी.आय.डी.’पर्यंत

विषयाचं नाव घेतलं तेवढ्यात मागच्या रांगेतून ‘दया, दरवाजा तोड दो’ असा आवाज आलाच. बरं झालं. आमचं आजचं सगळं म्हणणं त्या दरवाजाबद्दलच आहे.

‘सी.आय.डी.’ २१ जानेवारी १९९८ ला सोनी वाहिनीवर सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ ला थांबली. वीस वर्षं, दीड हजाराहून जास्त भाग. मग २०२४ च्या डिसेंबरात परत आली. इतकी वर्षं चाललेल्या गोष्टीवर आपल्याकडे गंभीरपणे बोललं जात नाही. एक तर तिच्यावर विनोद होतात, नाही तर ‘आमच्या लहानपणी’ म्हणून डोळे पाणावतात. आम्हाला दोन्ही करायचं नाही. ही मालिका कुठून आली आणि येताना वाटेत काय सांडलं, एवढंच बघायचं आहे.

ती आली मुंबई दूरदर्शनच्या अंगणातून. बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकलेले, आणि दूरदर्शनच्या मुंबई केंद्रात वर्षानुवर्षं बातम्यांचा कॅमेरा चालवलेले गृहस्थ. ही बातम्यांची सवय फार महत्त्वाची आहे. घटना घडून गेली आहे, आपण उशिरा पोचलो आहोत, आता मिळेल ते टिपायचं, अशी ती नजर. ‘सी.आय.डी.’चा प्रत्येक भाग असाच प्रेतापाशी उशिरा पोचतो! २००४ साली त्यांनी या मालिकेचा १११ मिनिटांचा एक भाग एकाच शॉटमध्ये, कुठेही न कापता चित्रित केला. त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. आम्हाला त्यात विक्रमापेक्षा जुना कॅमेरामन जास्त दिसतो. कॅमेरा खांद्यावर असेपर्यंत बंद करायचा नाही, ही त्या धंद्यातली शिस्त.

‘सी.आय.डी.’च्या आधी सिंग यांनी मराठीत ‘एक शून्य शून्य’ केली. पोलिसांना फोन लावायचा तो शंभर नंबर, त्यावरून नाव. त्यात शिवाजी साटम होते. सेंट्रल बँकेत रोखपाल म्हणून नोकरी केलेला, मराठी रंगभूमीवरून आलेला हा नट. पुढे तोच एसीपी प्रद्युम्न झाला. म्हणजे देशभर हिंदीतून गाजलेला हा पोलीस आधी मराठी बोलत होता, हे आपण विसरतो. आशुतोष गोवारीकर सुरुवातीच्या भागांत इन्स्पेक्टर होते. दिनेश फडणीसांचा फ्रेडरिक्स तर घराघरात गेला. श्रीधर राघवन, रजत अरोरा अशी पुढे सिनेमात मोठी झालेली लेखक मंडळी इथे हात साफ करून गेली.

आता खरा मुद्दा. या मालिकेचे दुसरे निर्माते प्रदीप उप्पूर. हे नाव आणखी कुठे येतं? ‘अर्धसत्य’च्या श्रेयनामावलीत. १९८३ चा गोविंद निहलानींचा सिनेमा, निर्माते मनमोहन शेट्टी आणि प्रदीप उप्पूर. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही मराठी कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, वसंत देवांचे संवाद, आणि मधोमध दिलीप चित्र्यांची कविता. तसा हिंदी सिनेमा, पण हाडं मराठी. आणि त्यातली ज्योत्स्ना म्हणजे स्मिता पाटील. त्यांच्या वडिलांचं, शिवाजीराव पाटलांचं शिरपूर इथून तासा-दीड तासावर आहे, हे धुळेकरांना आम्ही सांगायला नको. त्याही मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत होत्या.

तर १९८३ आणि १९९८ यांच्यामध्ये पंधरा वर्षं आहेत, आणि दोन्हीकडे एक थप्पड आहे. आम्ही त्या दोन थपडा शेजारी शेजारी ठेवून बघायचं ठरवलं.

‘अर्धसत्य’मधला सब-इन्स्पेक्टर वेलणकर कोठडीतल्या एका भुरट्या चोराला मारतो. मारत राहतो. तो माणूस मरतो. सिनेमा तिथे थांबून आपल्याला विचारतो की हा हात कुणाचा? हवालदार बापाचा धाक, वरिष्ठांचे फोन, रामा शेट्टीसारख्या गुंडापुढे झालेला अपमान, हे सगळं त्या एका गरिबाच्या अंगावर निघालं आहे. मार खाणारा आणि मार देणारा दोघंही आपल्याला माहीत असतात. म्हणून त्या मारातून कसलंही समाधान मिळत नाही. ज्योत्स्ना त्याच्यातली ही हिंसा बघून मागे सरते, आणि प्रेक्षक तिच्या बाजूला उभा राहतो.

‘सी.आय.डी.’मध्ये दया थप्पड मारतो आणि संशयित बोलायला लागतो. बस. एका थपडेत खून कसा केला, का केला, हत्यार कुठे टाकलं, सगळं बाहेर. तिला मागचं काही नाही, पुढचं काही नाही. दया चिडलेला नाही, त्याच्यावर वरून दबाव नाही, आणि ज्याला लागली तो खुनी आहे हे आधीच ठरलेलं आहे. थप्पड म्हणजे भाग संपत आल्याची घंटा. पोरं घरात एकमेकांना तशी मारून हसायची.

यात कुणाचा कट होता असं आम्ही म्हणत नाही. दर आठवड्याला गुन्हा सोडवायचा, ठरलेल्या वेळेत सोडवायचा, आणि घरातली आजी-नातवंडं एकत्र बघणार हे धरून सोडवायचा, म्हटल्यावर संशयाला जागा उरत नाही. सुरुवातीला एकेक प्रकरण दोन-दोन आठवडे चालायचं तेव्हा थोडी उसंत होती. पुढे तीही गेली. पण त्या घाईत कोण कोण बाहेर पडलं ते बघा. हवालदार गेला. वेलणकरचा बाप ज्या पायरीवर आयुष्य काढतो ती पायरीच नाही, जो तो इन्स्पेक्टर. ठाणे अंमलदार नाही, स्टेशन डायरी नाही, रायटर नाही. पंच नाहीत, म्हणजे पंचनामा नाही. वकील तर दिसूच नये. एसीपी साहेब शेवटी ‘फाशीच होणार’ म्हणतात तिथे न्यायालयाचं काम संपतं. आणि ही गोष्ट जळगावच्या कोर्टातून वकिली सुरू केलेल्या उज्ज्वल निकमांच्या खानदेशात आपण वीस वर्षं निवांत बघितली.

कायदा काय सांगतो? पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. इंग्रजांनासुद्धा ठाऊक होतं की ठाण्यात माणूस काहीही कबूल करतो. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात अटक कशी करायची, घरच्यांना कसं कळवायचं, आरोपीची वैद्यकीय तपासणी कधी करायची, याचे नियम घालून दिले. त्यानंतर तेरा महिन्यांनी ही मालिका सुरू झाली. त्या नियमांचा वारासुद्धा तिला लागलेला नाही.

तरी मालिकेला तिचं श्रेय द्यायला हवं. डॉ. साळुंखेंची प्रयोगशाळा कितीही गमतीची असली, तरी गुन्हा पुराव्याने सुटतो ही कल्पना लहान गावातल्या मुलांपर्यंत त्यांनी नेली. तिने बाईच्या देहावर कॅमेरा घुटमळत ठेवला नाही. आजच्या ओटीटीवरच्या गुन्हेगारी मालिका बघताना हा सभ्यपणा आठवतो. आणि साटमांचं काम! बोटं हवेत फिरवत ‘कुछ तो गडबड है’ म्हणताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर खरी शंका असते. गंमत म्हणजे सबंध मालिकेत शंका घेण्याचा अधिकार त्यांच्या एकट्याच्या बोटांना आहे.

आता हे सगळं इथे, धुळ्यात का बोलायचं? १ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, मुलं पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठार मारले. मोबाइलवर फिरलेली अफवा होती, पुरावा काहीच नव्हता. हे एखाद्या मालिकेमुळे झालं असं कुणी म्हटलं तर ते मूर्खपणाचं होईल, आणि आम्ही ते म्हणत नाही. पण त्या खोलीत मार देणाऱ्यांची खात्री होती की मारलं की खरं बाहेर येतं. ही खात्री आपल्या घरांत किती सहज वावरते, आणि तिला आपण कधी पडद्यावर अडवून बघितलं का, हा समीक्षेचा प्रश्न आहे. ‘अर्धसत्य’ने ती अडवली होती.

आणखी एक. महाराष्ट्रात पोलीस कोठडीत माणूस मेला तर तपास कुणाकडे जातो? राज्य सी.आय.डी.कडे. २०१७ मध्ये सांगलीत कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला, मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला गेला. आरोप पोलिसांवरच होता, आणि तपास खऱ्या सी.आय.डी.ने केला. या एका वाक्यात अख्खी मालिका बसली असती. क्वालिसमधून उतरायचं, आणि ज्या ठाण्यापुढे उतरलो त्याचाच दरवाजा उघडायला सांगायचा. दीड हजारांत असा एक भाग साटमांच्या वाट्याला कुणी लिहिला असता, तर त्यांनी तो कसा केला असता, हे बघायला आम्हाला फार आवडलं असतं.

घरी गेल्यावर जमलं तर ‘अर्धसत्य’चा शेवट पुन्हा लावा. वेलणकर रामा शेट्टीला मारून ठाण्यात येतो आणि सांगतो, मी मारलं. त्याला कुणी थप्पड मारलेली नाही. आणि ज्यांच्यापुढे तो हे सांगतो ते पोलीस आहेत, म्हणजे कायद्याच्या हिशेबाने त्याचा हा कबुलीजबाबसुद्धा कोर्टात चालणार नाही.