रापणीचा दोर आणि शनिवारचं बुकिंग

देऊळ, किल्ला, बीच, सोलकढी आणि स्कूबा एवढ्यावर कोकणची ट्रिप आता भागत नाही. त्यात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. पहाटे मच्छीमारांबरोबर जाळं ओढायचं, ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या वेचायच्या, दुपारी त्याच शिजवून खायच्या. सोबत माहिती सांगायला गाईड, माणशी ठरलेली फी आणि शेवटी सगळ्यांच्या फोनमध्ये तीस सेकंदांचा व्हिडिओ.

नाटकाची, सिनेमाची, पुस्तकाची समीक्षा होते. अशा सहलीची होत नाही, तिला फक्त स्टार मिळतात. नाश्ता चांगला होता, टॉयलेट स्वच्छ होतं, गाईड हसतमुख होता, पाच स्टार. पण ही सहलही एक गोष्ट सांगतच असते. तिच्यात मुख्य पात्रं असतात, वेळ-काळ असतो, शेवट असतो आणि काही गोष्टी मुद्दाम गाळलेल्या असतात. मच्छीमारांवर एक ओळही न वाचलेल्या हजारो तरुणांना समुद्रावरचं काम पहिल्यांदा भेटतं ते या गोष्टीतून. म्हणून ती नीट वाचायला हवी.

सुरुवात नावापासून करू. मालवणकडच्या अशा सहलींच्या जाहिरातीत ‘कोळी’ हा शब्द हटकून येतो. कोळी जीवन, कोळी जेवण, कोळ्यांसोबत एक सकाळ. पण सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर मासेमारी करणारा समाज प्रामुख्याने गाबीत. रत्नागिरीकडे गेलात तर खारवी भेटतील. कोळी मुख्यतः मुंबई, ठाणे, पालघर, रायगडचे. हा जातींची यादी पाठ करण्याचा मुद्दा नाही. बोली वेगळी, जाळी वेगळी, समुद्राचा तळ वेगळा, त्यामुळे कामही वेगळं. ज्यांच्या घरी पाहुणे म्हणून जायचं, त्यांचं नावच चुकीचं सांगणारी सहल पुढे काय सांगणार, याचा अंदाज तिथेच यायला लागतो.

अर्थात दोष एकट्या जाहिरातवाल्यांचा नाही. मराठी माणसाच्या डोक्यातला समुद्र बराचसा कोळीगीतांनी आणि शाळेच्या गॅदरिंगने घडवला आहे. डोलकर हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो आणि लाटांवर डोलतो तो डोलकर, असं समजून मोकळे होतो. डोल हे खरं तर एक जाळं. तोंडाशी रुंद आणि शेपटीकडे निमुळतं होत गेलेलं, लांबच लांब पिशवीसारखं. ते भरती-ओहोटीच्या प्रवाहाच्या तोंडाला बांधून ठेवतात. प्रवाहच बोंबील, जवळा आत ढकलतो आणि पाण्याचा जोर थांबला की जाळं उचलतात. डोलकर तो हे जाळं लावणारा. शब्द नाचात गेला आणि जाळं विसरलं गेलं. किनाऱ्यावरच्या सहलींमध्ये रापणीचंही आज हेच होऊ घातलं आहे.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं आणि ते ओढणाऱ्या माणसांचा संघही. होडी जाळं घेऊन समुद्रात जाते, अर्धवर्तुळ टाकत पुन्हा काठाला येते. जाळ्याची दोन टोकं दोन बाजूंना जमिनीवर. प्रत्येक टोकाला दहा-पंधरा माणसं तरी लागतात. ती पाय वाळूत रोवून, एका लयीत दोर ओढत हळूहळू एकमेकांकडे सरकतात. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर, तारकर्ली-देवबागच्या बाजूला सकाळी हे आजही दिसतं. मात्र काम दोर ओढण्यापासून सुरू होत नाही. त्याआधी कुणीतरी अनुभवी माणूस पाण्याकडे बघत बसलेला असतो. पाण्याचा बदललेला रंग, पृष्ठभागावरची थरथर, घिरट्या घालणारे पक्षी यांवरून तारलीचा किंवा बांगड्याचा थवा काठाला आलाय का, ते तो ठरवतो. आणि काम जाळं काठावर आल्यावर संपतही नाही. मग वाटे होतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचा वाटा. रापण ही मासेमारीइतकीच वाटणीची पद्धत आहे.

या वाटणीत एक जुनी रीत आहे. रापण ओढली जात असताना येणाऱ्या-जाणाऱ्याने दोराला हात लावला तर त्यालाही मूठभर मासळी द्यायची. तो संघाचा सभासद नसला तरी चालतं. दोर ओढला, म्हणजे वाटा लागला.

आता सहलीत काय होतं पाहा. पर्यटक दोराला हात लावतो आणि त्यासाठी पैसे देतो. ज्या कृतीने माणूस वाटेकरी व्हायचा, त्याच कृतीने तो आता ग्राहक होतो. दोर तोच, वाळू तीच, नातं मात्र उलटं. यात कुणी कुणाला फसवत नाही. पण ही उलथापालथ सहलीतल्या निवेदनात कुठेच येत नाही, कारण ती सांगायची तर वाट्याची गोष्ट सांगावी लागेल. आणि मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारेल, आमच्या फीमधला वाटा या काकांना किती?

मालवण तालुक्यातल्या अशा एका सहलीला मी गेलो होतो. शनिवार, सकाळचे साडेसहा. आम्ही बावीसजण. होडी गेली, आली, दोर ओढले. जाळ्यात आले ते काही पेडवे, दोन-तीन लहान खेकडे आणि जेलीफिश. आयोजक तरुण कासावीस झाला. त्याने दोनदा माफी मागितली आणि कुठूनतरी बांगड्यांचा एक क्रेट आणवला. फोटो त्या क्रेटसोबत निघाले. शेजारी जाळं झटकत असलेल्या म्हाताऱ्या रापणकराला कुणीतरी विचारलं, “काका, आज असं कसं झालं?” ते म्हणाले, “दर्यो काय आमच्या बापाशीचो नाय. गावलां तर गावलां, नाय तर नाय.” आणि पुन्हा जाळं झटकायला लागले.

त्या सकाळची खरी गोष्ट त्या एका उत्तरात होती. तरुणाच्या लेखी रिकामं जाळं हा सेवेतला बिघाड होता, म्हाताऱ्याच्या लेखी ते कामाचं एक फळ. थवा दिसलेला नसतानाही जाळं टाकलं गेलं, कारण बुकिंग झालेलं होतं. मुळात जे काम पाण्याकडे बघून सुरू होतं, ते घड्याळाकडे बघून सुरू केलं गेलं. तरीही ते रिकामं जाळं फार मोलाचं होतं. अर्धा तास तिथेच बसून ‘मासळी का आली नाही’ एवढंच बोलणं झालं असतं, तरी आम्ही बरंच काही घेऊन परतलो असतो.

कारण रापणीचं जाळं रिकामं येण्याला आता केवळ नशीब जबाबदार नाही. रापण काठावरून हलू शकत नाही. थवा काठाला आला तरच तिला मासळी. तो वाटेतच मोठ्या यांत्रिक जाळ्यांनी वेढून उचलला, तर काठावर काय उरणार? गोव्यात 1970 च्या दशकात रांपणकारांनी ट्रॉलरविरोधात आंदोलन उभं केलं ते याच कारणाने. महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा. राज्याने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले ते फेब्रुवारी 2016 मध्ये. एलईडी दिव्यांच्या झोताने मासळी गोळा करून पकडण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. कायदे झाले तरी पर्ससीन आणि एलईडी हे शब्द सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर आजही भांडणाचे आहेत. आमच्या सहलीच्या दोन तासांच्या निवेदनात ते एकदाही आले नाहीत. बांगड्याचं तिखलं कसं करतात, हे मात्र दोनदा आलं.

वेळेचा प्रश्न खाडीत आणखी ठळक होतो. भरती-ओहोटी वारावर चालत नाही, तिथीवर चालते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुंबईच्या बाजूला हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. दक्षिणेकडे मालवण-गोव्यात भरती त्याच्या थोडी आधी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच दूर ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार कमी. तिसऱ्या वेचायच्या तर उधाणाच्या ओहोटीला, कारण एरवी पाण्याखाली असणारी जमीन तेव्हाच उघडी पडते. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये हे सगळं दडलेलं आहे, फक्त आपण त्यात लाल रंगाचे रविवार शोधतो. सहलीही तेच शोधतात. भांगाच्या शनिवारी पर्यटकांना खाडीत उतरवलं की पाणी कमरेखाली जात नाही, शिंपल्या सापडत नाहीत आणि गाईड म्हणतो, आज नशीब नाही. नशीब कसलं? सप्तमी होती.

वेचण्याचं हे काम बहुतेक ठिकाणी बायकांचं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पायाच्या बोटांनी तळ चाचपायचा, शिंपली लागली की वाकून काढायची. कालवं खडकावरून फोडायची तर हाताला जखमा ठरलेल्या. यात लागतं ते ज्ञान सांगून लगेच येत नाही. कुठली शिंपली अजून लहान आहे, कुठला पट्टा या वर्षी सोडून द्यायचा, कुठल्या नाल्याच्या तोंडाशी काहीही उचलायचं नाही. शिंपल्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातली घाणही त्यांच्यात उतरते. सहलीत मात्र वेचणं हा ‘ट्रेझर हंट’ होतो. ज्याची बादली भरली तो जिंकला. वेचण्यातली अर्धी अक्कल काय ठेवायचं याची असते आणि खेळ शिकवतो तो फक्त काय उचलायचं ते.

हा नुसता हळवेपणा नाही. केरळमधल्या अष्टमुडी सरोवरात तिसऱ्यांची मासेमारी चालते. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी ती बंद ठेवतात आणि लहान शिंपल्या काढू नयेत यासाठी आकाराचे नियम आहेत. या मासेमारीला 2014 मध्ये एमएससीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिल्यांदाच. थांबण्याचा नियम असला की धंदा बुडत नाही, टिकतो. वेचायला नेणाऱ्या सहलीने पर्यटकाच्या हातात बादलीआधी हा नियम द्यायला हवा.

याच्या उलट टोकाला मुंबईतले किनारा-फेरफटके आहेत. ओहोटीचं वेळापत्रक बघून तारीख ठरते, खडकांमधल्या डबक्यांतले समुद्रफुलं, शंख, खेकडे दाखवतात आणि काही उचलू देत नाहीत. वेळेच्या बाबतीत हा प्रकार कितीतरी प्रामाणिक. पण मी पाहिलेल्या अशा फेरफटक्यांत माणूस गायब होतो. पलीकडच्या खडकावर कालवं फोडत बसलेली बाई त्या निसर्गपाठात बसत नाही. ती उचलते म्हणून तिच्याकडे थोडं नाराजीनेही पाहिलं जातं. एका सहलीत समुद्र म्हणजे जेवण, दुसरीत प्रयोगशाळा. तो कुणाचं तरी कामाचं ठिकाण आहे, हे दोन्हींत राहून जातं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. रापणीला मासळी मिळत नसेल, तर त्याच जाळ्यावर पर्यटक चार पैसे देतात त्यात वाईट काय? काहीच नाही. मासेमारी अडचणीत असताना ‘तुमचं काम शुद्ध ठेवा’ असा सल्ला शहरातून देणं उद्धटपणाचं होईल. प्रश्न पैसे यावेत की नाही हा नाही, गोष्ट कोण सांगतं हा आहे. वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटातल्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवनात नेतात. होडी चालवणाऱ्या त्याच, माहिती सांगणाऱ्याही त्याच. खाडीत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांच्याच तोंडून खाडी ऐकायला मिळते, तेव्हा मध्ये दुसरा निवेदक लागत नाही. रापणकरांना हे जमणार नाही असं मानायला काही कारण नाही. जाळं ओढण्याची, वाटे करण्याची संघटना त्यांच्याकडे आधीपासूनच आहे.

तेव्हा अशा सहलीला जरूर जा. फक्त बुक करण्याआधी तीन प्रश्न विचारा. तारीख कोणी ठरवली, तिथीने की वीकेंडने? जाळं रिकामं आलं तर तुम्ही काय करता? आणि आमच्या पैशातला किती वाटा दोर ओढणाऱ्यांचा? पहिल्या प्रश्नाला समोरचा गोंधळला तर खाडीत उतरू नका. दुसऱ्यावर तो ‘काळजी करू नका सर, मासे नक्की मिळतील’ म्हणाला, तर क्रेट आधीच आणून ठेवलेला आहे असं समजा. आणि तिसऱ्यावर त्याने न अडखळता आकडा सांगितला, तर पैसे भरून टाका, मग ती सकाळ बुधवारची असली तरी.