मुलींच्या फुटबॉलची गोष्ट आणि मुलींचा फुटबॉल

0-8, 0-3, 0-5.

ऑक्टोबर 2022मध्ये मुलींचा सतरा वर्षांखालचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. आपले तिन्ही सामने भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर झाले आणि त्यांचे हे निकाल: 11 तारखेला अमेरिका, 14ला मोरोक्को, 17ला ब्राझील. एकूण सोळा गोल खाल्ले, केला एकही नाही.

अंतिम सामना 30 ऑक्टोबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होता. कळंबोलीहून सायन-पनवेल हायवेनं सरळ जायचं, म्हणून ऑफिसातल्या दोन मैत्रिणींबरोबर मीही गेले. स्पेननं कोलंबियाला 1-0 हरवलं. तो एकमेव गोलसुद्धा 82व्या मिनिटाला कोलंबियाच्याच खेळाडूकडून स्वतःच्या जाळ्यात गेलेला. परतताना बसमध्ये मैत्रीण म्हणाली, "आपल्या टीमचं काय झालं गं?" माझ्याकडे सांगायला एकच गोष्ट होती. मी सांगितली, त्या दोघी हळहळल्या, आणि मग मोबाइल काढले गेले.

ती गोष्ट तुम्हीही वाचली असेल. संघाची कर्णधार अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. ती कर्णधार झाल्यावर प्रशासनानं तिच्या घरापर्यंत रस्ता करायला घेतला आणि त्या रस्त्यावर तिचे आईवडील मजुरी करत होते. ही बातमी देशभर फिरली. मीही ती ऑफिसच्या ग्रुपवर टाकली होती, खाली रडका इमोजी लावून.

घरी आल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मला अष्टमच्या घरापुढचा रस्ता माहीत होता, पण ती मैदानावर कुठल्या जागी खेळते हे माहीत नव्हतं. ती बचावपटू आहे. सोळा गोल खाणाऱ्या संघात बचावपटू असणं म्हणजे नक्की काय, हे त्या स्पर्धेतलं सगळ्यात अवघड काम असणार. मी वाचलेल्या एकाही बातमीत त्या कामाबद्दल ओळ नव्हती.

मुलींच्या खेळाची गोष्ट सांगायचा आपल्याकडे एक साचा तयार आहे. कच्चं घर, मजुरी करणारा बाप, बुटांना पैसे नाहीत, गावाची कुजबुज, मग एक देवदूत प्रशिक्षक, आणि शेवटी मेडल. यातलं बहुतेक खरंच असतं, त्यामुळे साच्याला नावं ठेवणंही कठीण जातं. पण साच्यात खेळ कुठे बसतो, हे तपासायला हवं. त्यासाठी आपण सगळ्यांनी पाहिलेले दोन सिनेमे घेते.

पहिला 'चक दे! इंडिया' (2007). हॉकीचा आहे, पण मुलींच्या संघाची गोष्ट म्हटलं की आजही तोच आठवतो. त्यातही विश्वचषकाची सुरुवात दणदणीत पराभवानं होते, ऑस्ट्रेलियाकडून. मग प्रशिक्षक मुलींना पुन्हा घासूनपुसून तयार करतो, एक गाणं वाजतं आणि संघ जिंकत सुटतो. शेवटच्या पेनल्टी स्ट्रोकला गोलकीपर विद्या उभी असते, पण चेंडू कुठे येणार हे कबीर खानला कळतं. त्याची नजर आणि तिचा बचाव. मुली विश्वचषक जिंकतात, तेव्हा धुऊन निघतो तो त्याच्यावरचा डाग. हा सिनेमा मला आवडतो, शेवटाला दर वेळी डोळे भरून येतात. तरी भुवनेश्वरचे सामने पाहिल्यावर त्याची एक लबाडी दिसली. 0-8 आणि पुढचा सामना यांच्यामध्ये खरोखर तीन दिवस असतात. तीन दिवसांत कुणी अमेरिकेइतकं फुटबॉल शिकत नाही. त्यासाठी दहा वर्षं लागतात, आणि त्या दहा वर्षांचं गाणं होत नाही.

दुसरा नागराज मंजुळे यांचा 'झुंड', त्याच विश्वचषकाच्या वर्षी, मार्च 2022मध्ये आलेला. नागपूरची झोपडपट्टी, विजय बारसे यांच्या कामावर बेतलेली कथा, बारसेंवर बेतलेल्या भूमिकेत अमिताभ बच्चन. मंजुळे साचा मोडतात. कॉलेजच्या संघाविरुद्धचा मोठा सामना ते सिनेमाच्या पहिल्या भागातच उरकतात. पुढचा सगळा सिनेमा पासपोर्ट, पोलीस, ओळखपत्रं यांत जातो. मैदानाबाहेर पोचायलाच किती दमायला होतं, हे त्यांना दाखवायचं आहे आणि ते त्यांनी अचूक दाखवलंय. रिंकू राजगुरूची मोनिका आदिवासी मुलगी आहे. आपण आपणच आहोत हे सिद्ध करणारा कागद मिळवायला ती बापाबरोबर वणवण करते. तो भाग मला सिनेमातला सगळ्यात खरा वाटतो.

पण मोनिकाचे कागद मला लख्ख आठवतात आणि मोनिकाचा खेळ आठवत नाही. ती पायात चेंडू आला की काय करते? पास देते की स्वतः घुसते? डॉनचा स्वभाव त्याच्या खेळातून कळतो, मोनिकाचा तिच्या अडचणीतून. मंजुळेंसारख्या दिग्दर्शकाकडूनही हे निसटावं, याचा अर्थ साचा आपल्याला वाटतो त्यापेक्षा खोल रुतलाय. मुलगा खेळतो, मुलगी अडचणींवर मात करते.

मग मुलींच्या फुटबॉलबद्दल लिहायचं कसं? माझ्या कामात सिस्टिम कोसळली की आम्ही एक अहवाल लिहितो. किती वाजता काय झालं, कुठपर्यंत ठीक चाललं होतं, कुठे तुटलं. त्यात रडारड नसते आणि कुणाला देव्हाऱ्यातही बसवत नाहीत. तसा अहवाल मोरोक्कोच्या सामन्याचा लिहून पाहते.

अमेरिकेविरुद्ध मध्यंतरालाच 0-5 झालं होतं. तीन दिवसांनी मोरोक्कोविरुद्ध मध्यंतराला स्कोअर होता 0-0. म्हणजे आठ गोल खाऊन आलेल्या मुलींनी पंचेचाळीस मिनिटं एकही गोल होऊ दिला नाही. उत्तरार्धात पेनल्टीवर पहिला गोल गेला आणि मग आणखी दोन. मोरोक्कोही या स्पर्धेत आपल्यासारखाच नवखा होता. म्हणून तुलना अमेरिकेशी करण्यापेक्षा त्यांच्याशी करायला हवी: दोघांची सुरुवात एकाच रेषेवरून, मग दुसऱ्या पंचेचाळीस मिनिटांत अंतर कशानं पडलं? दमसास? बाकावरच्या खेळाडू? मोठ्या सामन्यांची सवय? हे प्रश्न फुटबॉलचे आहेत. त्या पहिल्या पंचेचाळीस मिनिटांवर मला मराठीत एक परिच्छेद वाचायचा होता. तो मिळाला नाही.

अहवालात मैदानाबाहेरचंही येतं, पण हळहळ म्हणून नाही, कारण म्हणून. जुलै 2022मध्ये, परदेश दौऱ्यावर असताना, संघाच्या सहप्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या तक्रारीनंतर परत पाठवून पदावरून काढण्यात आलं. ऑगस्टमध्ये फिफानं भारतीय महासंघालाच निलंबित केलं आणि विश्वचषक हातचा गेला. 26 ऑगस्टला निलंबन उठलं. तेव्हा पहिल्या सामन्याला सात आठवडेही उरले नव्हते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींनी हे सगळं डोक्यावर घेऊन अमेरिकेसमोर उभं राहायचं होतं.

आणि या सगळ्याच्या आधी आणखी एक संघ होता. हा विश्वचषक मुळात 2020मध्ये भारतात व्हायचा होता. कोविडमुळे आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला, आणि भारताला 2022चं यजमानपद मिळालं. पण वयाची अट थांबत नाही. 2003 आणि 2004मध्ये जन्मलेल्या ज्या मुली 2020साठी तयारी करत होत्या, त्या 2022पर्यंत बाद झाल्या होत्या. त्या हरल्या नाहीत, जिंकल्या नाहीत, त्यांच्या नावापुढे 0-8सुद्धा नाही. साच्यात त्यांना जागाच नाही, कारण त्यांच्या गोष्टीला शेवट नाही. मला विचाराल तर या विषयावरची खरी कादंबरी त्यांच्यापाशी आहे.

2022च्या संघात झारखंडच्या सहा जणी होत्या. पुण्याची काजोल डिसूझाही होती. तिचं नाव मला हा लेख लिहायला बसेपर्यंत माहीत नव्हतं. राष्ट्रीय संघातून विश्वचषक खेळलेली महाराष्ट्रातली मुलगी, आणि मी तिच्याच राज्यात बसून गुमलाच्या रस्त्यावर हळहळत होते. लांबच्या गरिबीवर हळहळणं सोपं असतं, कारण त्यानंतर काही पाहायला लागत नाही. सामना नव्वद मिनिटं पाहायला लागतो.

17 ऑक्टोबर 2025ला बिश्केकमध्ये भारताच्या सतरा वर्षांखालच्या मुलींनी उझबेकिस्तानला 2-1 हरवलं आणि 2026च्या आशियाई चषकात जागा मिळवली. पात्रता फेरी खेळून हे पहिल्यांदाच जमलं. मध्यंतराला भारत एका गोलनं मागे होता. उत्तरार्धात थंडामोनी बास्के आणि अनुष्का कुमारी यांनी गोल केले. म्हणजे 2022मध्ये मोरोक्कोविरुद्ध जो उत्तरार्ध हातातून निसटला होता, तोच या मुलींनी जिंकला. संघ वेगळा, मुली वेगळ्या, प्रतिस्पर्धीही वेगळा, त्यामुळे यावरून फार काही सिद्ध होत नाही. पण एखादी गोष्ट सांगायचीच असेल तर मला ही सांगायला आवडेल. बातम्या आल्या तेव्हा मी एक खेळ खेळले: किती ओळींनंतर फुटबॉल सुरू होतो ते मोजायचं. तुम्हीही करून बघा.

साचा माझ्यातही आहे, हे परवाच कळलं. आमच्या इथे रविवारी सकाळी एका मैदानात मुलं फुटबॉल खेळतात. त्यांच्यात एक मुलगी दिसली, आठवी-नववीतली असेल. आमच्या शाळेत पीटीच्या तासाला फुटबॉल मुलांना मिळायचा आणि आम्हाला लंगडी, त्यामुळे मी थांबलेच. ती पाणी प्यायला कडेला आली, तेव्हा विचारलं, "घरचे पाठवतात का गं खेळायला?"

तिनं बाटली खाली ठेवली. "पाठवतात की. का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग म्हटलं, "कुठे खेळतेस? म्हणजे कुठल्या पोझिशनला?"

"लेफ्ट बॅक," ती म्हणाली, आणि लगेच हात करून दाखवायला लागली. "तो निळा टीशर्टवाला आहे ना ताई, तो सारखा आत कट मारतो. त्याला बाहेरच ठेवायचा. बघा आता."

मी बघितलं. दोनदा तिनं त्याला बाहेर ठेवलं. तिसऱ्यांदा तो आत घुसला आणि गोल झाला. ती कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली, मग मागच्या मुलाला ओरडून काहीतरी सांगितलं आणि परत आपल्या जागेवर गेली.