काढा, भूक आणि भंडारदऱ्याचे पाणी

बेलापूरच्या एका शिक्षिकाबाईंनी आमच्याकडे एक माहितीपत्रक पाठवले आहे. पथ्याने उतरवलेले वजन कोरियातील परंपरागत काढा घेतल्यास पुन्हा वाढत नाही, असा त्यात दावा आहे. बाई लिहितात, ‘दोन महिन्यांत आठ किलो उतरवले, वर्षभरात दहा चढले. हा काढा घ्यावा का?’

आधी हे सांगू, की दोष बाईंच्या निश्चयाचा नाही. 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणातला साठा घटला, की पाटाची आवर्तने कमी होतात, हे प्रवराकाठी कोणालाही ठाऊक असते. शरीरही तसेच वागते. चरबी घटली, की लेप्टिन हे संप्रेरक कमी होते, भूक वाढते आणि ऊर्जेचा खर्च आखडतो. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 50 जणांना 10 आठवड्यांच्या वजन घटवण्याच्या कार्यक्रमात अत्यल्प आहार दिला होता. त्यानंतर वर्ष उलटले, तरी भुकेशी संबंधित संप्रेरके पूर्वपदावर आली नव्हती.

आता काढ्याकडे वळू. कोरियाचे ली जे-मा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांच्या चार प्रकृती सांगितल्या. त्यांतील ‘तेउम’ प्रकृतीचा कल स्थूलतेकडे असतो, असे ते मानत. आपल्या चरकसंहितेतही अतिस्थूल माणसाच्या तीव्र भुकेची नोंद आहे. ही निरीक्षणे मोलाचीच आहेत. पण निरीक्षण अचूक असले, म्हणून उपाय सिद्ध होत नाही.

तेउम प्रकृतीसाठीच्या प्रचलित काढ्यात एफेड्रा ही वनस्पती असते. तिच्यातील एफेड्रिन भूक दाबते, तसेच हृदयाची गती आणि रक्तदाबही वाढवते. म्हणूनच अमेरिकेने 2004 साली एफेड्रिनयुक्त पूरक आहारद्रव्यांवर बंदी घातली. ‘वनस्पतीजन्य’ म्हणजे निर्धोक नव्हे.

पत्रक म्हणते, ‘बहुतेकांचे वजन टिकले.’ एकूण माणसे किती? किती काळ टिकले? मध्येच सोडून गेलेल्यांचे काय झाले? काढा न घेता तेवढेच पथ्य आणि चालणे करणारा दुसरा गट होता का? पत्रकात एकाचेही उत्तर नाही. मग श्रेय काढ्याचे की चालण्याचे, हे ठरवायचे कसे?

बाईंना आमचे उत्तर असे : घटक न सांगणारा काढा घेऊ नये. कायम झेपेल असा आहार, रोजचे चालणे आणि आठवड्याला एकदा वजन, एवढे धरून ठेवावे. आणि ते पत्रक फेकू नये. नववीच्या वर्गात न्यावे. वरचे चार प्रश्न मुलांना स्वतःहून सुचतात का, ते पाहावे.