भांडणारा भक्त, मुका चाहता
१९८७ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं, तेव्हा लोक टीव्हीला हार घालायचे. आपण शिकलेली माणसं हसलो. पण मंडळी, मालिका संपली की ते लोक आपापल्या कामाला लागायचे. आजच्या चाहत्याच्या हातातून मोबाइल सुटत नाही. माझा आक्षेप त्याच्या प्रेमावर नाही. जनाबाई विठोबाला शिव्या घालते, तरी ती भक्तच. चाहत्याला ही मुभा नाही. लाडक्या नटाचा सिनेमा फसला म्हणाला, की तो गद्दार! लाइकच्या बटणाला होकार तेवढा कळतो. ‘प्रेम आहे, पण पटलं नाही’ हे कळत नाही. ज्या प्रेमात भांडायची सोय नाही, त्यात श्रद्धा कमी आणि कळपाची भीती जास्त, असं मला वाटतं.