नाव कळते, शब्द कळत नाही

'मु. पो. देवगड ४१६६१३' अशा पत्त्यांच्या यादीतून गाव आणि पिन वेगळे काढायचे असतील, तर संगणकाला ओळीचा साचा सांगावा लागतो. अशा साच्याला 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणतात. पायथन भाषेत हे काम 'आरई' ही लायब्ररी करते. तिचे गुणदोष येथे पाहू.

साच्यातला हवा तो भाग कंसात घालायचा. पहिला कंस गावाचा, दुसरा पिनचा. पण काही पत्त्यांत 'मु. पो.' असते, काहींत नुसते 'मु.'. त्यासाठी सुरुवातीला आणखी एक कंस घातला की गाव दुसरे होते, पिन तिसरा. आणि जुनी आज्ञावली पिनच्या जागी मुकाट्याने गाव छापते. यावर लायब्ररीचा उपाय उत्तम आहे. कंसाला नावच द्यायचे: कंस उघडून प्रश्नचिन्ह, मग रोमन 'पी' आणि टोकदार कंसात नाव. मग कंस कितीही वाढोत, 'पिन' मागितले की पिनच मिळतो. आजच्या पायथनमध्ये हे नाव देवनागरीतही देता येते.

एक लहान उणीव अशी, की सर्व जुळण्या एकदम देणारी 'फाइंडऑल' ही आज्ञा ही नावे गाळून टाकते. नावे हवी तर 'फाइंडइटर' वापरून प्रत्येक जुळणीला 'ग्रुपडिक्ट' लावावे लागते.

मोठा दोष वेगळाच आहे. 'शब्दातले कोणतेही अक्षर' यासाठी उलटी तिरकी रेघ आणि 'डब्ल्यू' अशी खूण आहे. तिने सलग अक्षरे मागितली तर 'देवगड'चे 'द' आणि 'वगड' होतात. मालवणचे 'म' आणि 'लवण'! युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे आहेत, आणि ही लायब्ररी अक्षर, अंक व अधोरेषा एवढ्यांनाच शब्दात जागा देते. युनिकोडची स्वतःची शिफारस मात्र ही चिन्हेही शब्दात धरावीत अशी आहे. मौज अशी की ४१६६१३ हे देवनागरी अंक ती बिनचूक ओळखते. कंसाचे नाव म्हणून 'गाव' तिला चालते; तोच 'गाव' मजकुरात आला की त्याचे दोन तुकडे होतात.

हे शिक्षकांनी मुद्दाम सांगायला हवे. नाहीतर तुटलेला 'देवगड' पाहून विद्यार्थी समजेल की मराठीच संगणकाला झेपत नाही. दोष भाषेचा नाही, लिपीचाही नाही. 'अक्षर' कशाला म्हणायचे या व्याख्येचा आहे. त्या खुणेऐवजी युनिकोडमधील ०९०० ते ०९६३ ही षोडशमान पद्धतीतली चिन्हांची मर्यादा दिली की 'देवगड' अखंड मिळतो. 'रेजेक्स' ही वेगळी लायब्ररी घेतली तर मूळ खूणही चालते.

वर्गात आपल्या तालुक्यातील गावांची यादी घ्यावी, आणि कोणती नावे अखंड राहतील याचा अंदाज आधी फळ्यावर लिहून मग संगणकाला विचारावे. कंसांना नावे देण्याची सोय आम्हांस पूर्ण गुणांची वाटते. शब्द ओळखण्यात मात्र ही लायब्ररी मराठीच्या पेपरात नापास आहे.