तत्काराला वेळ देणारा क्लास

पुण्यात कथकच्या क्लासेसची वानवा नाही. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली 'नृत्यभारती' सुरू केली, तेव्हा चांगल्या घरातल्या मुलीने नाच शिकावा हेच अनेकांच्या पचनी पडत नव्हते. आज पालक स्वतःहून मुलीला घेऊन येतात. शिकणाऱ्यांची संख्या वाढली, हे चांगलेच झाले. पण तालीम पातळ झाली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे मोठे कारण परीक्षांची घाई. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक ते अलंकार ही चढण मुळात उपयोगाची आहे. तिने अभ्यासाला क्रम दिला, शास्त्राची ओळख करून दिली. परंतु दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळू लागले आणि पालकांचा पहिला प्रश्नच 'दहावीच्या आत कुठवर होईल?' असा झाला. मग वर्षभर परीक्षेपुरते तोडे-तुकडे बसवून घेतले जातात. मोबाइलवरच्या लेहऱ्यावर ते बिनचूक येतात. प्रत्यक्ष तबल्यावर लय जरा चढली, की तीच मुलगी समेवर येताना चाचपडते.

म्हणून क्लास निवडताना वार्षिक कार्यक्रमाला नव्हे, एखाद्या साध्या मंगळवारी जाऊन बसावे. तत्कार, म्हणजे पायांनी बोल वाजवण्याचा मूलभूत सराव, किती वेळ चालतो ते पाहावे. ठायीत स्थिर झाल्यावरच दुगुन, चौगुन घेतली जाते का? मुले हाताने ताल धरून पढंत करतात का? बोल तोंडात स्पष्ट नसेल तर तो पायातही स्पष्ट येत नाही. तीनतालाच्या सोळा मात्रा मनात पक्क्या नसलेल्या मुलीला तिहाई शिकवणे म्हणजे तिला नुसते पाठांतर देणे. निदान अधूनमधून तरी साथीला तबलजी असतो का, आणि गुरू मागच्या रांगेतल्या मुलीपाशी जाऊन तिचे मनगट, तिची नजर सुधारतात का, हेही तिथेच कळते.

जमीनही पाहून घ्यावी. अनवाणी पाय रोज काँक्रीटवरच्या फरशीवर आपटून टाचा आणि गुडघे दुखावतात. लाकडी जमीन असेल तर उत्तम.

गुरूंचे स्वतःचे शिक्षण चालू आहे का, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देते. रोहिणीताई संस्था चालवतानाही लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकत राहिल्या. त्या शिकण्यातूनच त्यांची स्वतःची रचना घडली. पदवी टांगून थांबलेल्या शिक्षकाकडून मुलीला तेवढेच मिळते, जेवढे त्याच्या वहीत आहे.

पालकांना एकच विनंती आहे. पहिली दोन वर्षे परीक्षेचा विषय काढू नका, आणि 'अजून तत्कारच चालू आहे' असे गुरूंनी सांगितले तर क्लास बदलू नका.