तेरावे पाकीट

परदेश हिंडताना स्वतःला शोधणाऱ्या किशोरांच्या कादंबऱ्या इंग्रजीत पुष्कळ आहेत. त्यांतली मॉरीन जॉन्सन यांची ‘थर्टीन लिटल ब्लू एन्व्हलप्स’ (२००५) मला महत्त्वाची वाटते, ती तिच्यातल्या एका चोरीमुळे.

न्यू जर्सीतली १७ वर्षांची जिनी बुजरी आहे. तिची चित्रकार पेग मावशी वारली; पण मावशीने लिहून ठेवलेली १३ निळी पाकिटे तिच्या हाती येतात. एकातले काम पुरे केल्याशिवाय पुढचे फोडायचे नाही. सोबत मोबाइल नको, प्रवासाची माहिती देणारे पुस्तक नको, जादा पैसे नकोत. लंडन, एडिंबरा, रोम, पॅरिस, ॲमस्टरडॅम, कोपनहेगन असा प्रवास होतो. (भारतीय पासपोर्टवर हे कथानक उभेच राहिले नसते. शेंगेन व्हिसाला मुक्कामांचा तपशील आधी द्यावा लागतो. इथे पुढचा मुक्काम ठाऊक नसणे हीच अट!)

याला स्वातंत्र्य म्हणायचे का? जिनी घरच्यांच्या नजरेआड गेली तरी मावशीच्या आज्ञेतच राहते, आणि गेलेल्या माणसाला उलट प्रश्न विचारता येत नाही. रोममध्ये एखाद्या मुलाला केक खायला बोलाव, असे पत्र सांगते. जिनी ते पाळते. तो मुलगा पुढे तिच्या अंगचटीला जातो. ती कशीबशी निसटते. या प्रसंगाचा जाब पेगला, निदान मनातल्या मनात, विचारायला हवा होता. लेखिका मात्र पुढच्या पाकिटाकडे वळते. पुस्तकातली ही मोठी उणीव आहे.

मग ग्रीसमध्ये, कॉर्फू बेटावर, जिनीची बॅग चोरीला जाते. तेरावे पाकीट न फोडलेलेच तिच्यात असते. आता काय करायचे हे सांगणारे कोणी नाही. ती लंडनच्या रिचर्डची मदत मागते. हा पेगचा मित्र, म्हणून त्याच्याकडे ती आधी उतरली होती. तो पेगचा नवरा होता, हे तिला नंतर कळते. पेगने मागे ठेवलेली चित्रे ती पत्राविनाच शोधून काढते. आणि शेवटी पत्र लिहिते ती जिनी, मावशीला. मला खरी कादंबरी इथे सापडते.

२०११च्या ‘द लास्ट लिटल ब्लू एन्व्हलप’ या पुढच्या भागात ते हरवलेले पत्र परत येते. वाचकांचे कुतूहल भागते, हे कबूल. पण वाचताना सारखे वाटत राहिले, ते पत्र चोरांकडेच राहायला हवे होते.